पवनचक्कीवाली रेकॉर्ड

६ जानेवारी १९८५, रविवार

नव्या डायरीची सुरुवात शांत मनाने करावी म्हणतात, पण माझं डोकं सकाळपासून तापलेलं आहे. ओमप्रकाश म्हणतो, पवनचक्कीवालीत दुसरं गाणं सगळ्यात भारी. दुसरं! सगळ्या जगाला दिसतं की शेवटचं गाणं भारी आहे. अकरा मिनिटांचं आहे. मधे बासरी येते, आणि इतकी हळू येते की आधी वाटतं शेजारी कोणीतरी वाजवतंय. बासरी थांबली की ढोल सुरू. दहापैकी नऊ. एक मार्क कापला, कारण गाणारा माणूस सर्दी झाल्यासारखा गातो.

आमच्या रेकॉर्डांची नावं आम्हीच ठेवलेली आहेत. इंग्रजी नावं तोंडात बसत नाहीत, म्हणून कव्हरवर जे चित्र असेल तेच नाव. पवनचक्कीवाली, काळा घोडा, रडका जोकर, दोन चंद्र. पुलगावच्या लष्करी डेपोतले एक कर्नलसाहेब बदलून गेले तेव्हा त्यांचं सामान विकायला निघालं होतं. गावातले लोक पलंग-कपाटांभोवती आणि कॉलेजातली आम्ही दोन पोरं रेकॉर्डांच्या खोक्याभोवती. अर्धे पैसे त्याचे, अर्धे माझे. वाटणी कधी केली नाही. तो हिंगणघाटला गिरणीत विव्हिंगला, म्हणजे मागांवर लागला, मी वर्ध्याला खरेदी-विक्री संघात कारकून झालो, पिपरीत राहतो. रेकॉर्डा दोन पुठ्ठ्यांत बांधून हिंगणघाट गाडीचे कंडक्टर लक्ष्मणराव यांच्या हाती द्यायच्या. आजवर एकीलाही ओरखडा नाही. लक्ष्मणराव बायकोपेक्षा त्यांना जपतात, असं त्यांची बायकोच सांगते.

यंदा पाडव्याला दुकान काढायचं पक्कं आहे. वर्ध्याला, कॅसेट भरून देण्याचं. लोकांनी कोरी कॅसेट आणायची, यादी द्यायची, आम्ही गाणी भरून द्यायची. तोंड माझं, कान ओमप्रकाशचे. कॉलेजच्या गॅदरिंगला तंबोऱ्याची तार उतरली ते त्याने शेवटच्या बाकावरून ओळखलं होतं. त्याच्याशिवाय हे दुकान होऊ शकत नाही. हे त्याला सांगितलेलं नाही, सांगितलं तर डोक्यावर चढून बसेल.

२७ जानेवारी

काळा घोडा परत आली. आज तो स्वतःच घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "याच्यात झांजा काऊन नाई बे?"

मी म्हटलं, काय? त्या रेकॉर्डमध्ये झांजांशिवाय दुसरं काही नाही! पहिल्या गाण्यापासून तो ढोलवाला झांजांवर असा तुटून पडतो की भांड्याची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. म्हणूनच मी तिला पाच मार्क दिलेत. रेकॉर्ड लावून दाखवली. त्याने स्पीकरच्या खोक्याला कान लावला, म्हणाला, "असतीन. दबलेल्या हायेत."

आवाज वाढवायला लावला, मग आणखी वाढवायला लावला. शेजारच्या मंदाबाई भिंतीवर लाटणं आपटू लागल्या तरी हा म्हणतो, थोडं अजून. गिरणीत जाऊन माणसाची आवड राकट होते म्हणायची. पूर्वी ह्याला बारीकसारीक कलाकुसर आवडायची, आता नुसता ढोल पाहिजे.

१७ फेब्रुवारी

आज हिंगणघाटला त्याच्या घरी जेवलो. आनंदाबाई काकूंनी भाकरी आणि पातोडीचा रस्सा केला होता. घरात पाऊल टाकलं की भांडण चाललंय असं वाटतं, कारण नत्थूजी काकाजी ठार बहिरे. त्यांची सगळी उमर मागांच्या खडखडाटात गेली. विव्हिंगच्या लोकांची एक गंमत आहे. तिथे बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून ते ओठांवरून बोलणं ओळखतात आणि हातांनी उत्तर देतात. काकाजी आणि ओमप्रकाश जेवताना तसंच बोलतात, एक शब्द न काढता. बोटांनी काहीतरी झालं आणि दोघं हसले. मला वाटलं माझ्यावर.

माझ्यावरच होतं. ओमप्रकाश म्हणाला, "मी बाबाले म्हणून राह्यलो, याची मिशी काढून टाकली पाहिजे. पार ओठ झाकले त्यानं. दुकानदाराले शोभत नाई."

ही मिशी साधी नाही. पवनचक्कीवालीच्या मागच्या कव्हरवर ढोलवाल्याचा फोटो आहे, त्याची मिशी अशीच दोन्ही बाजूंनी लोंबते. कॉलेजपासून राखली आहे. मी म्हटलं, "माहा बाप जिवंत हाय ना बे अजून? मिशी काय म्हणून काढू?"

काकू एकदम म्हणाल्या, "असं अभद्र नको बोलू बाप्पा. बापाच्या पाठीमागंच काढतेत मिशी." ओमप्रकाश मात्र हसला नाही. परत परत माझ्या तोंडाकडे बघत होता. जळतो, दुसरं काय. त्याला दाढी-मिशी नीट येतच नाही.

१० मार्च

फार वाईट दिवस. दोन कॅसेटी एकदम चालतात असा डेक एक जण विकतोय. तपासायला दोघं गेलो. डेक कसा आहे हे मी पाहिलं, आवाज कसा आहे हे ओमप्रकाशने. त्याने डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "बराबर हाय." घेतला.

घरी आणून त्यावर रडका जोकरची आधीच भरून ठेवलेली कॅसेट लावली. जोकर रडत नाही, पेंगतोय. डेक हळू चालतो! माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळलं. तो माणूस आता परत घेत नाही म्हणतो.

ओमप्रकाशला खूप बोललो. लक्ष कुठे होतं, विचारलं. तो म्हणाला, "चुकलं माहं." एवढंच. चुकलं म्हणताना माणसाने निदान मान तरी खाली घालावी, हा माझ्याकडे टक लावून बघत होता.

२२ मार्च

पाडवा. गुढी उभारली, दुकान नाही. त्याचा निरोप आला होता, थोडं थांबू. आईने श्रीखंड केलं, मी दोन घास खाऊन उठलो. दोन चंद्र लावली. पूर्वी मला आवडायची, आज नुसतं मांजर ओरडल्यासारखं वाटलं. दहापैकी तीन.

२१ एप्रिल

स्टेशनजवळ एका लॉजखाली व्हिडिओ गेमची मशिनं आलीत. कपाटाएवढं लाकडी धूड, मधे टीव्ही, खाली दोन दांडे. नाणं टाकलं की टुंई टुंई सुरू. ओमप्रकाश मला ओढत घेऊन गेला. वर्ध्याला तो आता माझ्यासाठी येतो की ह्यांच्यासाठी, समजत नाही.

माझं मत लिहून ठेवतो. उंदराचा गेम: उंदीर पळतो, बोके मागे लागतात, दाणे खायचे. दहापैकी सहा, पण बोके मूर्ख आहेत. खाणीचा गेम: माणूस दगड फोडत खाली जातो आणि मरतो. असला गेम बनवणाऱ्याला एक दिवस खरोखर दगड फोडायला लावले पाहिजेत. दोन. यानांचा गेम: हा चांगला आहे हे नाइलाजाने लिहितो. यानं वरून येतात, आपण खालून पाडायची. सात.

ओमप्रकाश उंदराच्या गेममध्ये वाघ आहे. त्याच्याभोवती गर्दी जमते. पण यानांच्या गेममध्ये पोरासोरांकडून हरतो. त्यात एक यान मागून येतं. ते यायच्या आधी बारीक शिट्टी वाजते, शिट्टी ऐकली की बाजूला सरकायचं. एवढी साधी गोष्ट. हा प्रत्येक वेळी जागचा हलत नाही आणि मरतो. शेवटी मी ओरडलो, "शिट्टी वाजते ना बे! आयकू येत नाई का तुले?"

त्याने दांडा सोडून दिला. म्हणाला, "उंदराचाच बरा हाय आपला."

१९ मे

आज जे झालं ते लिहवत नाही, पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

ओमप्रकाश संध्याकाळी पिपरीला आला. ओसरीवर बसलो. त्याने सरळच सांगितलं, "कॅसेटीचं जाऊ दे प्रेमदास. गेमचं दुकान टाकू आपण. दोन मशिनं नागपूरहून भाड्यानं भेटतात. तू अन् मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं आम्ही दोघांनी एकच स्वप्न पाहिलं, आणि हा त्या टुंई टुंईसाठी ते मोडतो! बरंच बोललो. तो माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होता, मधेच "काय?" म्हणत होता. काय म्हणे. जसं काही मी फारसी बोलत होतो.

तेवढ्यात लाइट गेली. पार अंधार झाला. तो म्हणाला, "बत्ती येऊ दे, मंग बोलू."

पण मला अंधारातच बरं वाटलं. उजेडात जे कधी तोंडातून निघालं नसतं ते निघालं. मी म्हणालो, "ओमप्रकाश, दुकान गेलं खड्ड्यात. कॅसेटीचं टाक नाई त गेमचं टाक. मले तुह्याशिवाय काई जमत नाई रे. सख्ख्या भावाहून तू मले जवळचा हायेस. तू फक्त माह्या संगं राह्यजो."

असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. आईबाबांनाही नाही. सगळं म्हणून झालं. मी थांबलो. त्याने हूं सुद्धा केलं नाही. मी वाट पाहिली, तो आपला गप्प. दोन हातांवर बसलेला माणूस, श्वास ऐकू येत होता त्याचा, आणि एक शब्द नाही.

लाइट आली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "निघतो गड्या, गाडी सुटन."

माणसाने काळीज काढून पुढे ठेवावं आणि समोरच्याने बसची वेळ पाहावी. मी त्याला फाटकापर्यंतही सोडायला गेलो नाही. संपलं.

२९ जून

सहा आठवडे ना तो आला ना मी गेलो. आज लक्ष्मणरावांनी मोठं पार्सल आणून दिलं. त्याच्याकडच्या सगळ्या रेकॉर्डा. मी वाटणी मागितली नव्हती. त्याच्या पैशाच्याही पाठवल्या, जसं काही घरातली अडगळ काढली. लक्ष्मणराव म्हणाले, "काय झालं बाप्पा तुमच्यात? त्यानं पार्सल देताना दोन वेळा परत मागून घेतलं अन् परत देल्लं."

मी मोजून पाहिल्या. पवनचक्कीवाली नाही. वा! सगळी टाकाऊ माझ्याकडे आणि चांगली तेवढी ठेवून घेतली. ज्याला आता संगीताशी देणंघेणं नाही तो पवनचक्कीवाली घेऊन काय करणार? मी ती आणणार आहे. माझा हट्टच आहे.

४ ऑगस्ट, रविवार

रेकॉर्ड आणायला गेलो होतो. आज अक्षर वाईट येतंय.

गल्लीच्या तोंडाशीच मला पवनचक्कीवाली ऐकू आली. शेवटचं गाणं, ढोल सुरू होतो तिथलं. खूप मोठ्याने. जवळ गेलो तसं कळलं की सुई अडकली आहे. तोच तुकडा, परत तोच, परत तोच. मला रागच आला. रेकॉर्डची नासाडी होते असं ठेवलं तर, आणि ह्याला उठून सुई उचलायचा कंटाळा!

आनंदाबाई काकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हाक मारणार तेवढ्यात म्हणाल्या, "हाका नको मारू बाप्पा. पुढ्यात जाऊन उभा राह्य. चहा मांडतो मी."

आत गेलो. ओमप्रकाश माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसला होता. त्याने स्वतः बनवलेला लाकडी स्पीकर त्याच्या समोर. एक तळहात त्यावर चिकटवलेला. मी बाजूला सरकलो तेव्हा त्याचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले. तो मान डोलवत होता. सुई अडकलेली, तोच तुकडा शंभरदा फिरतोय, आणि हा गाणं ऐकत असल्यासारखा मान डोलवतोय.

झांजा, डेक, शिट्टी, बत्ती, माझी मिशी, सगळं एकामागे एक आठवू लागलं. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय होणार होतं.

मी सुई उचलली. हाताखालचं थरथरणं थांबलं तसे त्याने डोळे उघडले. "संपली?" असं स्वतःशीच म्हणाला, आणि मग मी दिसलो.

आम्ही बराच वेळ बोललो. बोलला तोच, मोठ्या आवाजात, काकाजींसारखा. "पयले झांजा गेल्या. मंग बासरी. मले वाटे रेकॉर्डा घासल्या. दवाखान्यात दाखवलं. कानाची नस गेली म्हणतेत, परत येत नाई. आता ढोल राह्यला, तोही हाताले."

"काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं. त्याला समजलं नाही. मी खुणा केल्या.

"काय सांगू? दुकान माह्या कानावर होतं. कान नाई म्हटलं त तू दुकान सोडून देल्लं असतं, दया आली असती तुले. म्हणून म्हटलं गेमचं टाकू. तिथं डोळ्यानं भागते. दोघं एका जागी तरी राह्यलो असतो." मग म्हणाला, "पण तुले नाई पटलं."

मी विचारलं, त्या दिवशी अंधारात मी बोललो ते? हे त्याला तीनदा विचारावं लागलं. शेवटी समजलं. "तवा? काय बोललता तू? तोंडच दिसत नव्हतं. भांडत असशील म्हणून मी चूप राह्यलो."

मी तेच परत म्हणालो. शब्दन् शब्द. तो डोळे बारीक करून बघत राहिला, पुढे सरकला, मग दमून मान हलवली. "मायचं समजते, बाबाचं समजते. तुह्यं नाई समजत बे. मिशीच्या आडून काईच दिसत नाई." आणि त्याने पवनचक्कीवाली कव्हरात घातली आणि माझ्या हातात दिली. "यासाठीच आला ना? ने. मले ओळखीची होती म्हणून ठेवली होती."

गाडीत लक्ष्मणरावांनी तिकीट मागितलं नाही. मी रडत होतो हे त्यांना दिसलं असेल.

११ ऑगस्ट, रविवार

आज सकाळी गुलाबच्या सलूनमध्ये गेलो आणि म्हटलं, मिशी काढ. गुलाबने वस्तरा खाली ठेवला. हळूच विचारलं, "बाबा कधी गेले?" मी म्हटलं, बाबा घरी चहा पिऊन राह्यले, तू काढ. तो काढेना. हात जोडले तेव्हा काढली.

घरी आईने मला पाहिलं आणि दाराशीच बसकण मारली. "तुह्या बापानं तुह्यं काय वाईट केलं रे?" म्हणून रडायला लागली. बाबा ओसरीवर होते. त्यांनी एकदा पाहिलं, म्हणाले, "मी हाव ना अजून," आणि आत निघून गेले. त्यांना कसं सांगू? ज्याच्यासाठी काढली त्याचं नाव घेतलं असतं तर त्याच्या घरी भांडायला गेले असते. माझं चुकलंच आहे, पण दुसरा उपाय नव्हता. लोकांना वाटतं तसं सुतकच आहे माझ्या घरी, फक्त माणूस दुसरा आहे आणि तो जिवंत आहे.

हिंगणघाटच्या गाडीत लक्ष्मणरावांनी टोपी काढली. गाडीतल्या दोघा-तिघांनी जागा करून दिली. कोणाकोणाला सांगत बसणार.

ओमप्रकाश अंगणात होता. भर उजेडात. मला पाहून त्याच्या हातातली बादली सुटली. धावत आला आणि मला कवेत घेतलं. "बाबा?" म्हणाला. तो रडत होता, माझ्या बाबांसाठी. मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून दूर केलं आणि सावकाश म्हटलं, "बाबा बरे हायेत."

त्याला पहिल्याच वेळी समजलं. त्याने माझ्या उघड्या ओठाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि मिशी कशापायी गेली तेही समजलं. खालीच बसला.

मी त्याच्यासमोर बसलो आणि अंधारातलं सगळं परत म्हणालो. दुकान गेलं खड्ड्यात, इथपासून. फार कठीण गेलं. अंधारात सोपं होतं. तो ओठांवरून एकेक शब्द वाचत होता, स्वतःचेही ओठ हलवत होता. संपल्यावर म्हणाला, "हे बोललता तू तवा? अन् मी गाडी पाह्यली?" मी हो म्हणून मान हलवली. त्याने तोंडावर पंचा घेतला.

गेमची मशिनं दसऱ्याला आणायची असं ठरलं. दुकानावर पाटी त्याच्या हातची.

मग मी पिशवीतून पवनचक्कीवाली काढली, ती त्याच्याकडेच राहू दे म्हणून. त्याने कव्हरवरून हात फिरवला. म्हणाला, "शेवटचं गाणं सांग ना मले. बासरी थांबते तिथून. ते विसरून राह्यलो मी."

मी म्हटलं, दहापैकी नऊ.

"मार्क नको सांगू बे. गाणं सांग."

मी तोंड उघडलं. कर्नलसाहेबाच्या खोक्यापासून आजपर्यंत मी ह्या गाण्यावर बोलत आलो, मंदाबाईशी भांडलो, डायऱ्या भरल्या. तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता, आणि मला एक शब्द सुचला नाही.